लच्छूबाईंनी नाकारलेली पोती

लच्छूबाई पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचे मोहफूल काढीत, हुंगीत, दाताखाली धरीत आणि थुंकून निकाल देत: "घ्या," नाहीतर "न्या वापस."

पांढरकवड्याजवळच्या आमच्या गावात मोहाच्या वाइनचा जुना कारखाना होता. एका पडवीत, मातीच्या रांजणांत सुरू झालेल्या त्या उद्योगाच्या बाटल्या पुढे नागपूरच्या हॉटेलांत पोहोचल्या. मी तिथे रसायन तपासनीस म्हणून रुजू झालो, त्या दिवशी बाईंनी माझ्या तळहातावर दोन फुले ठेवली. मला फरक कळेना.

"एवढं शिकले सायेब, पन नाक कोरंच राह्यलं तुमचं!"

फुले वेचणे सोपे जावे म्हणून पुष्कळ लोक झाडाखालचा पाला जाळतात. राखेवर पडलेल्या फुलाला धूर लागतो. लच्छूबाईंच्या पोडावरच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरच्या, बाया मात्र जमीन झाडून जुनी लुगडी अंथरत. "धूर धुतल्यानं नाही जात," बाई म्हणत. मला तो ओळखायला दोन हंगाम लागले.

मग कारखाना नव्या मालकाने घेतला. त्याने व्यापाऱ्याकडून ट्रकभर स्वस्त फूल आणले. लच्छूबाईंनी एकूण एक पोते नाकारले.

"बाई, तुम्ही फुलं निवडा. निकाल मी देतो," मालक म्हणाला.

"मंग मी निवडलं म्हनून कोनाले सांगू नोका."

पोती आत गेली. वाइनला जळका वास आला, बाटल्या परत आल्या. मी अहवालात धूर हेच कारण लिहिले. मालकाने तो खणात टाकला आणि भरसभेत सांगितले, "पोडावरच्या बायांनी घाण फूल भरलं."

लच्छूबाई उठल्या. "सायेब, तुमी सांगा. आता तं ओयखता ना धूर?"

मी मान खाली घातली. त्या मानेचा मला आजही संताप येतो.

"बसा," मालक म्हणाला. बाई बसल्या नाहीत. त्या बाहेर पडल्या आणि त्यांच्यामागून पोडावरच्या साऱ्या बाया.

वर्षभरात कारखाना बंद पडला. टाक्या कापून भंगारात गेल्या. मालकाने दुसरीकडे दुसरा धंदा मांडला. लच्छूबाईंना मात्र "कारखाना बुडवनारी" हे नाव मरेपर्यंत चिकटले.

त्या गेल्यानंतर गावाची स्मरणिका निघाली. त्यांची मुलगी ती घेऊन माझ्याकडे आली. कारखान्यावर एकच ओळ होती: स्थानिक मजुरांच्या निष्काळजीपणामुळे बंद.

"काका, मायनं असं केलं काय?"

नाही. लच्छूबाईंनी ती पोती नाकारली होती. मालकाने ती घेतली, आणि मला ते ठाऊक होते.