लिओनोरवहिनीचा स्कॅनर

एल्क फोर्कच्या खोऱ्यात दोमिंगो इतुरीला भाव यायचा तो मे महिन्यापुरता. एरवी तो रस्ते खात्यातून निवृत्त झालेला, बर्फ ढकलायचं यंत्र चालवून पाठीचा खुळखुळा करून घेतलेला एक म्हातारा, मेंढरं राखायला परदेशातून आलेल्या बास्क लोकांतला. बायको नाही, मूलबाळ नाही, तोंड फटकळ.

मे महिन्यात डोंगरमाथ्यावरचं बर्फ वितळलं की वनखात्याची माणसं वर जाऊन वायरलेसची यंत्रं तपासायची, आणि एखाद्या वर्षी सगळ्या फ्रिक्वेन्सी बदलून टाकायची. मग खालच्या घराघरांतले स्कॅनर मुके. स्कॅनर म्हणजे वायरलेसवरचं बोलणं नुसतं ऐकवणारा डबा. त्यातून उलट बोलता येत नाही. पण वणवा कुठल्या ओढ्यात उतरला, कुठला रस्ता बंद केला, हे टीव्हीवर सांगेपर्यंत गुरं होरपळतात, म्हणून तो डबा इथं फ्रीजवर असतोच. तो मुका झाला की लोकांना दोमिंगो आठवायचा.

नवी फ्रिक्वेन्सी कुणी घरी आणून देत नाही. ती हुडकावी लागते. केटल डोंगरावरचा वायरलेसचा मनोरा दिसतो त्या वळणावर दोमिंगो पिकअप लावून बसायचा. चोरिसोचं तिखट सॉसेज घातलेला पाव, दुर्बीण, आणि फ्रिक्वेन्सींची सगळी पट्टी पुन्हा पुन्हा चाळणारं यंत्र. डोंगराच्या पलीकडे त्याच्यासारखाच एक खुळा होता, वेंडेल हॉस्किन, रेल्वेच्या सिग्नलमधून निवृत्त झालेला. दोघांची वर्षानुवर्षांची दोस्ती, पण भेटी मोजक्याच. सगळं फोनवर.

"काही लागलं का रे?"

"नुसती खरखर."

"ती तुझ्या कवळीची असेल. वर खात्याचा ट्रक दिसतोय मला. थांब जरा."

मग कधीतरी खरखरीतून एक कंटाळलेला आवाज यायचा, "चाचणी, एक, दोन, तीन," आणि दोघं म्हातारे लॉटरी लागल्यासारखे ओरडायचे. त्यानंतर आठवडाभर दोमिंगो घरोघर जाऊन स्कॅनर लावून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. जेवण मात्र सोडायचा नाही.

त्या वर्षीही फ्रिक्वेन्सी बदलल्या आणि दोघांनी त्या पकडल्या. दोमिंगो पहिल्या घराकडे निघणार, तोच दारात नेकाने उभी. ही त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची मुलगी, वनखात्याच्या वणवा विझवणाऱ्या टोळीची मुकादम.

"काका, आईचा स्कॅनर लावू नकोस."

"का? काय घोडं मारलं तिनं?"

"गेल्या ऑगस्टचं विसरलास?"

दोमिंगो विसरला नव्हता. गेल्या ऑगस्टमध्ये जळत्या झाडाचा शेंडा तुटून नेकानेच्या, म्हणजे तिसऱ्या, टोळीतल्या एकाच्या अंगावर पडला. वायरलेसवर एवढंच आलं, 'तिसऱ्या टोळीतला एक जखमी, हेलिकॉप्टर पाठवा.' नाव नाही. लिओनोरवहिनीनं, नेकानेच्या आईनं, ते स्वयंपाकघरात ऐकलं आणि पायातल्या सपातांनिशी गाडी काढून थेट बंद रस्त्याच्या अडथळ्यापर्यंत गेली. पोलिसाशी भांडली. तो ऐकेना, तर गाडीच्या टपावर थापा मारत बसली. शेवटी वायरलेसवरून निरोप गेला, 'नेकाने इतुरी, तुमच्या मातोश्री अडथळ्यावर आल्यात.' अख्ख्या जंगलानं तो ऐकला. खांदा मोडला होता दुसऱ्याच पोराचा.

"महिनाभर पोरं मला विचारत होती, 'नेकाने, आई आली का गं न्यायला?'" ती म्हणाली. "हसण्याचं जाऊ दे. पण हा निरोप आला तेव्हा मी त्या पोराचा हात धरून बसले होते. मला ते सोडून आईची समजूत घालायला लागली. आणि ती सबंध उन्हाळा झोपत नाही, ते वेगळंच. यंदा तिला ऐकूच येऊ देऊ नकोस. सांग, सापडलं नाही."

"खोटं बोलू? मी?"

"तू ट्राउट माशाच्या लांबीबद्दल बोलतोस तेवढंच."

पोरीचं म्हणणं खोडून काढता येईना. दोमिंगोनं मान डोलावली.

वहिनीचा फोन त्याच संध्याकाळी आला. "दोमिंगो, माझा आधी लाव हं. मेंढीचा रस्सा केलाय."

"वहिनी, यंदा जमेना बघा. फार खोल दडवलीय त्यांनी."

रश्श्यावर पाणी सोडताना त्याचा जीव तुटला. पण त्यानं बाकीच्या घरांत स्कॅनर लावायचं थांबवलं नाही. तिथंच तो फसला. पुढच्याच आठवड्यात वहिनी कोंबड्यांचं खाद्य आणायला दुकानात गेली. गल्ल्यामागून स्वच्छ आवाज येत होता : तिसरी टोळी, उत्तरेच्या रस्त्यानं निघाली. आवाज नेकानेचा होता.

"हे कुणी लावून दिलं?" तिनं विचारलं.

"तुमच्या दिरानं. कालच. अंडी पण खाऊन गेला चार," दुकानदार म्हणाला.

वहिनी घरचा मुका स्कॅनर काखेत मारून दोमिंगोच्या घरी आली. दार वाजवलंच नाही. टेबलावर डबा आदळला आणि समोर बसली.

"खोल दडवलीय ना? मग कोंबड्यांच्या दुकानात कशी वर आली?"

दोमिंगोनं कॉफी ओतायला घेतली.

"नेकानेनं सांगितलं, होय ना?"

"हो."

"आणि तू ऐकलंस. तिचा बाप गेला तेव्हा दवाखान्यातल्यांनी मला दोन तास बाहेर बसवलं. कुणी काही सांगेना. तेव्हापासून मला न सांगितलेलं सोसत नाही, दोमिंगो. वाईट ऐकलेलं चालेल. शेंबड्या पोरालाही कळेल हे. तुला नाही कळलं?"

ती रडली नाही. रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. त्यानं तिच्यासमोरच नेकानेला फोन लावला आणि सांगितलं, "माझ्याच्यानं खोटं निभत नाही बाई. मी वायरलेसचा माणूस, मायलेकींचा नाही." मग वहिनीनं फोन ओढून घेतला. दोघी बास्क भाषेत भांडल्या, मग इंग्रजीत, मग पुन्हा बास्कमध्ये. शेवटी तोड निघाली ती अशी : स्कॅनर लावायचा, पण तो राहणार दोमिंगोच्या घरी. वहिनीनं ऐकायचं तर दिराच्या समोर बसून. आणि तेवढा वेळ तिच्या गाडीची किल्ली दोमिंगोच्या खिशात.

"माझा डबा, माझी गाडी, आणि कुलूप तुझं," वहिनी फणकारली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मिरच्यांची पाटी घेऊन हजर झाली.

जुलैत बीव्हर ओढ्यावर मोठा वणवा लागला. टोळ्या वर गेल्या, धूर खोऱ्यात उतरला, आणि ऐन दुपारी तिसऱ्या टोळीचा आवाजच बंद झाला. वहिनीच्या हातातली मिरची तशीच राहिली.

"का बोलत नाही ती?"

"बोलतेय. आपल्याला ऐकू येत नाही. वहिनी, हे बघा, डोंगरावरच्या यंत्रातून येतं ते ऑफिसशी बोलणं. कामाचं बोलणं ते आपसात करतात, छोट्या वायरलेसवरून. ते टेकडी ओलांडून येत नाही. वर काम जोरात असलं की इथं शांत असतं."

"म्हणजे गेल्या वर्षी मी शांततेला घाबरत होते, तेव्हा ती...?"

"तेव्हा ती पोरांना शिव्या देत असेल."

वहिनीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. यंदा खोटं बोलतोय की खरं, हे ती जोखत असावी. मग तिनं मिरची चिरली. बियांचे हात डोळ्याला लागले आणि दोघांनाही पाणी आलं.

दिवस मावळायच्या आधी आवाज आला : "तिसरी टोळी, सगळे खाली, तळावर चाललो."

दोमिंगोनं खुर्चीला पाठ टेकली. वहिनी म्हणाली, "घसा बसलाय तिचा. पाणी पीत नाही बया."

असे तीन उन्हाळे गेले. वहिनी इतकी तयार झाली, की कुठल्या डोंगरावरचं यंत्र बोलतंय हे खरखरीवरून सांगायची. वेंडेलशी फोनवर वादही घालायची. तो दोमिंगोला म्हणाला, "तू फोन ठेव रे, वहिनींना दे."

चौथ्या वर्षी नेकानेचा गुडघा कामातून गेला. खात्यानं तिला ऑफिसात वायरलेसच्या टेबलावर बसवलं. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत डब्यातून तिचाच आवाज : कोण कुठं, कुणाला पाणी हवं, कुणाला हेलिकॉप्टर. दोमिंगोला वाटलं, वहिनी हरखून जाईल. दोन दिवस ती बसली. तिसऱ्या दिवशी उठून तिनं आवाज बारीक केला.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? खुर्चीत बसलीय, पंखा आहे, दुपारी सँडविच आहे. तिचं काय ऐकायचं? संध्याकाळी घरी येऊन तेच पुन्हा सांगते, कान किटतात." तिनं गाडीच्या किल्लीसाठी हात पुढं केला. "दे. कोंबड्यांचं खाद्य संपलंय."

स्कॅनर तिनं दोमिंगोकडेच ठेवला. रविवारी मात्र ती रस्सा घेऊन येते, आणि जेवताना त्यानं तो डबा बंद ठेवायचा, असा तिचा हुकूम आहे. दोमिंगो पाळतो. वणवा असला तर नाही.