चार खळगे आणि एक ब्युरेट

मी निवृत्त झाले त्याच महिन्यात शेजारच्या काकांनी दारात येऊन विचारलं, "बाई, तुमच्याकडं ब्युरेट हाय का?"

एकतीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, पण सिडकोतल्या आमच्या गल्लीत ब्युरेट मागायला कधी कुणी आलं नव्हतं. काका मूळचे नांदगावकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर. कारखाना बंद झाला तेव्हा मालकांनी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असलेली दोन सीटची जुनी परदेशी स्पोर्ट्स कार त्यांना देऊन टाकली. ती त्यांनी एकट्याने चालती केली. पण सप्तशृंगी गडाचा घाट काही ती चढत नसे. निम्म्या वाटेत इंजिन तापून बंद पडायचं आणि काकूंना पुढे एसटीला हात करावा लागायचा.

शाळेतून ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव मोजायची ती रेघांची काचेची नळी, मागून आणली आणि कुतूहलापोटी मीही त्यांच्या पार्किंगमध्ये गेले. इंजिन गाडीतून काढून लाकडी घोडीवर ठेवलेलं होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन सिलिंडर आडवे. "यात पाणी नाय, रेडिएटर नाय," काका म्हणाले. "पंख्याची हवा या पात्यांमधून जाते, तेवढ्यावर सगळं." सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड. त्यांनी जुनं हेड माझ्या हातात दिलं. दोन वाल्व्हच्या मधोमध केसासारखी चीर होती. शेजारी नवी हेडं होती, त्यांच्या मुलीने बाहेरून मागवून दिलेली. त्यांना पात्या जास्त, वाल्व्ह मोठे. प्रत्येक हेडात वाटीसारखे दोन खळगे. पेट्रोलचा भडका त्या खळग्यातच होतो, म्हणून चारही खळग्यांत अगदी सारखं माप मावायला हवं. नाहीतर एका सिलिंडरवर ताण जास्त येतो आणि तो आधी तापतो.

त्यांची नजर आता बारीक रेघांवर ठरत नव्हती. वाचायचं काम मी घेतलं. खळग्याच्या कडेला ग्रीस लावून ते वर अॅक्रिलिकची भोक पाडलेली काच दाबून बसवत. मी ब्युरेटमधून शाई घातलेलं स्पिरिट आत सोडत असे. तीन खळगे अठ्ठेचाळीस मिलीच्या आसपास भरले, जेमतेम एका थेंबाचा फरक. चौथा सत्तेचाळीसलाच भरला.

"लहान हाय," काका म्हणाले, आणि हातातल्या ग्राइंडरने त्यांनी चौथा खळगा घासायला घेतला. अंगठा आत फिरवायचा, थांबायचं, पुन्हा घासायचं. अॅल्युमिनियमची भुकटी त्यांच्या भुवयांवर बसली होती. बऱ्याच वेळाने पुन्हा मोजलं तर एकोणपन्नास; एका मिलीपुरतं घासलं, आणि वाढले दोन. मला काही कळेना. मग घरी भात लावताना एकदम आठवलं. पहिल्यांदा मोजताना काचेखाली हवेचा एक बुडबुडा अडकला होता, कडेला, ग्रीसच्या आड. तो मी पाहिला होता आणि तसंच वाचन घेतलं होतं. खळगा मुळात बरोबरच होता.

कुकर बंद करून मी तशीच खाली गेले. "काका, चूक माझी. बुडबुडा होता."

त्यांनी हेड उचलून उजेडात धरलं. मी वाट पाहत उभी राहिले. मुलांच्या वहीतलं चुकलेलं वाचन मी लाल शाईने खोडत आले होते. इथे धातू कापला गेला होता.

"काढलेलं काय परत चिकटवता येत नाय," ते शांतपणे म्हणाले. "आता बाकीचे तीन याच्या मापाला आणू. दाब थोडा कमी होईल, पण घाटात थंड राहील. उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर आम्ही तेच केलं. ते अंगठ्याने चाचपून म्हणायचे, "अजून अर्धा थेंब," आणि मी मोजलं की खरोखर तेवढंच निघायचं. तीनदा, चारदा, दरवेळी. माझ्या हातात काचेची अंशांकित नळी होती आणि त्यांच्याकडे नुसता अंगठा. एवढी वर्षं अचूकपणा या विषयावर मी वर्गात बोलत होते, पण असा माणूस मी पाहिला नव्हता. शेवटी चारही खळगे एका रेघेवर आले. मी तीन-तीनदा वाचलं, दरवेळी बुडबुडा शोधून.

इंजिन पुन्हा गाडीत चढलं तेव्हा काकू म्हणाल्या, "पहिल्या खेपेला बाईंनाच घेऊन जा. मी एसटीने येते, सवय हाय मला."

नांदुरी सोडल्यावर घाट लागला. इंजिन आमच्या पाठीमागे होतं, त्याचा आवाज थेट मणक्यात यायचा. आम्ही मोजलेल्या त्या वाट्यांमध्ये मिनिटाला हजारो भडके उडत होते, आणि त्यांची आग निववायला होती ती फक्त हवा. गाडी नेहमी बसायची ते वळण आलं. वळण मागे पडलं. तेलाच्या तापमानाचा काटा होता तिथेच होता.

वर पोचल्यावर त्यांनी मागचं झाकण उघडलं. पात्या निवताना टिकटिकत होत्या. मी वरून हात धरला, तर ऊब नुसती वाहत वर येत होती. डांबराचा नाही, धुराचा नाही, स्वच्छ तापलेल्या धातूचा वास. किती वेळ उभी होते कोण जाणे.

काकूंची एसटी अर्ध्या तासाने आली. त्या उतरल्या, गाडीभोवती एक फेरी मारली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उतरताना मी बसते. बाईंना एसटीचं तिकीट काढून द्या."