पेलतंय

कवठे महांकाळच्या पूर्वेला बाभळीसुद्धा पानं मोजून धरतात. तिथल्या एका गावच्या तळ्याची ही गोष्ट, आणि तळ्यापेक्षा जोतीरामची. वैशाखात तळं आटलं की मधे डबकं उरतं आणि भोवतीच्या गाळावर पापडी धरते. तोवर ठेकेदाराचं जाळं उठलेलं असतं. राहिलेली मासळी, मरळ, चिलापी, गावाची, ज्याला काढता येईल त्याची, अशी जुनी रीत. अडचण एवढीच की डबक्यापर्यंत जायचं ते पापडीवरून. वाळलेली पापडी माणूस पेलते, कच्ची असली तर छातीपर्यंत आत घेते. फार वाट पाहावी, तर पाणी तापून मासे पोट वर करतात. मधले थोडे दिवसच काय ते खरे, आणि ते कोणते हे गाव जोतीरामला विचारायचं, "आबा, पेलतंय का?"

जोतीराम जन्माचा मेंढका. मेंढरांमागं उभा मुलूख अनवाणी तुडवलेला. त्याची रीत साधी होती. भर दुपारी उघड्या पायांनी पापडीवर जाऊन उभं राहायचं. खाली पाणी असेल तर वर कितीही ऊन असो, तळपायाला आतून गारवा लागतो. गार लागलं तर माघारी फिरायचं, न लागलं तर पेलतं. ओढ्याला उपसा योजनेचं पाणी सुटलं की ते गाळाखालून मुकाट शिरतं आणि वरून पापडी कोरडी ठणठणीत दिसते. म्हणून डोळ्यांवर जायचं नाही, असं तो म्हणे. एवढ्या वर्षांत त्याचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

मधे त्याला साखर निघाली. पायांना मुंग्या येत. गोळ्या दिल्या, त्या त्यानं आठवण झाली तर घेतल्या. सून सोनमनं चपला आणल्या, त्या खाटेखाली धूळ खात पडल्या. मग एका थंडीत मुंग्या आपोआप थांबल्या. "बघ, गेली साखर," म्हातारा म्हणाला, आणि सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या वैशाखात तो पापडीवर उभा राहिला तेव्हा काठावरची माणसं पोळणाऱ्या वाळूत नाचत होती, आणि हा पाय न उचलता उभा. गावानं कौतुक केलं. म्हाताऱ्याची पारख वयाबरोबर पक्की होत चालली, म्हणाले. आपल्या लोकांना कौतुकाची घाई फार.

त्या दिवशी तो "पेलतंय" म्हणाला, आणि त्याचा एकुलता मुलगा सूरज जाळं घेऊन पहिला गेला. डबक्याच्या तोंडाशी पापडी फुटली. दोर टाकेपर्यंत तो तोंडावर पडला होता. गाळातून त्याचं प्रेत काढायला अर्धं गाव लागलं.

गावानं चांगुलपणानं निवाडा केला. आबा पाहून गेले, मग पाणी आलं, त्याला कोण काय करणार? गाव करी ते राव न करी. जोतीरामनंही तेच धरलं. तो रडला नाही. जेवायला दिलं की जेवायचा, उठ म्हटलं की उठायचा. सोनमही तशीच. एका घरात दोघं वर्षभर राहिली, भाकरी, पाणी, मेंढरं एवढंच बोलून. दुःख होतं की नव्हतं हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं!

यंदा तळं आटलं, पापडी धरली, आणि कवठ्याहून मासळीवाला रसूल बर्फाचे खोके लादून टेम्पो घेऊन आला. त्याची आणि जोतीरामची जुनी मैत्री. गावानं बिचकत विचारलं. जोतीराम उठला, पापडीवर जाऊन उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "पेलतंय." सूरजचा चुलतभाऊ ज्ञानू जाळं खांद्यावर टाकून निघाला.

जोतीराम टेम्पोच्या सावलीला तंबाखू मळत थांबला. रसूल बर्फाची लादी फोडत होता. मुठीएवढा खडा घरंगळून जोतीरामच्या पायापाशी आला आणि वजन बदलताना त्याचा पाय नेमका त्याच्यावर पडला. तो तसाच बोलत राहिला. मेंढ्यांना खुरी झालीय, असं काहीतरी. खालून पाण्याचा ओघळ निघाला.

सोनम पाटी घेऊन समोरच उभी होती. तिनं तो ओघळ पाहिला, मग पाय पाहिला.

"जोतीराम," रसूल हसत म्हणाला, "बर्फावर उभा हायस की रं! गार लागंना व्हय?"

जोतीरामनं खाली पाहिलं. पाय उचलला. खडा निम्मा वितळला होता. त्यानं तो हातात घेतला, तर हाताला चटका बसला. पुन्हा पायाला लावला. काही नाही.

ज्ञानू पापडीवर बराच आत गेला होता. गप्प बसलं असतं तर कदाचित काही झालंही नसतं. पण हाक मारायची तर का मारली, हे सांगावं लागणार होतं, आणि गावानं दिलेला तो निवाडा आपल्याच हातानं मोडावा लागणार होता. सून समोर उभी.

"ज्ञानू! माघारी फीर!" तो ओरडला. वर्षभरात त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "पेलत न्हाई! माज्या पायाला कळत न्हाई गड्या! गेल्या साली बी कळत नव्हतं!"

ज्ञानू आल्या पावलांवर पाय ठेवत परतला. सोनमनं पाटी खाली ठेवली, चपला काढल्या आणि कडेकडेनं चार पावलं आत गेली. थोडी थांबली, आणि मागं आली.

"गार हाय," ती म्हणाली.

त्या दिवशी मासे कुणी काढले नाहीत. रसूलनं बर्फ ओतून दिला आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. जोतीराम घरी येऊन उंबऱ्यावर बसला. आता सून काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं, एवढंच त्याला उरलं होतं. सोनमनं खाटेखालच्या चपला काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि त्याच्यापुढं बसून त्याच्या पायांत घातल्या. पट्टा लावताना तिचा हात थांबला.

"गेल्या साली ह्यांनी मला इचारलं हुतं, मामा. औंदा जाऊ का नगो म्हणून." तिनं मान वर केली नाही. "त्येंच्या मनात न्हवतं. मीच म्हनलं, जावा की, मामांच्या पायाला कळतंय."

जोतीरामचा हात तिच्या डोक्यावर गेला. हाताला अजून कळत होतं. तिचं डोकं उन्हानं तापलेलं होतं आणि ते हलत होतं. ती रडत होती.