पट्टीवरची चार बोटं

अण्णांचा उजवा हात वर गेला की पंचाने शिट्टी वाजवली काय आणि न वाजवली काय, सारखंच. "लागलं," एवढंच म्हणायचे आणि मैदानाबाहेर चालू पडायचे. कबड्डीत गडी बाद झाला की नाही यावरून डोकी फुटतात, तुम्हीही पाहिलं असेल. अण्णांच्या बाबतीत मात्र कधी वाद झाला नाही. पंचाला शंका आली की तो सरळ त्यांनाच विचारायचा, आणि समोरचा संघही मुकाट ऐकायचा.

श्रीगोंद्याकडच्या आमच्या साखर कारखान्यात ते फिटर, मी टाइम ऑफिसात कारकून. कारखान्याच्या संघात ते डाव्या कोपऱ्यात उभे राहायचे आणि मी टेबलावर बसून गुण लिहायचो. चढाईला आलेल्याचा घोटा त्यांच्या पंजात एकदा आला की पान्यात नट बसावा तसा बसायचा. मला ते "क्लार्कसायेब" म्हणायचे, तेही अशा सुरात की आजूबाजूचे हसलेच पाहिजेत.

पंचेचाळिशी आली आणि गुडघा बोलायला लागला. "बेरिंग वाजतंय, पन मशीन चालती," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चहा उभ्यानेच प्यायला लागले, कारण खाली बसलं की उठताना सगळ्यांना कळलं असतं. सरावाला अर्धा तास आधी येऊन पाण्याच्या टाकीमागे गुडघ्याला पांढरी पट्टी गुंडाळायचे. पुढे एकीच्या दोन पट्ट्या झाल्या. हात अजून घोट्याकडेच जायचा, पण घोटा तिथून निघून गेलेला असायचा. वहीत त्यांच्या नावापुढे पकडी कमी कमी होत चालल्या, तशी ती वही मी त्यांच्यासमोर उघडायचं टाळू लागलो.

त्या वर्षी यात्रेतल्या सामन्यांआधी आमच्या कप्तानाने त्यांना वर्कशॉपच्या दारातच गाठलं.

"अण्णा, ही यात्रा खेळा. पन एक जरी घोळ झाला, तर पुढच्या टायमाला तुमी बाहेर बसून आमाला सांगायचं."

"बाहेर बसून काय सांगू? मला आतलंच ठावं हाय." मग आवाज खाली आला. "बरं. घोळ न्हाई हुनार."

अंतिम सामना तिन्हीसांजेपर्यंत लांबला. शेवटची चढाई समोरच्यांची. आम्ही एका गुणाने पुढे होतो, पण मैदानात आमचा एकच गडी उरला होता, तो म्हणजे अण्णा. ते बाद झाले की आमच्यावर लोण, म्हणजे वरचे दोन गुणही त्यांना, आणि सामना त्यांचा.

माझं टेबल डाव्या कोपऱ्याला लागूनच. समोरच्याचा दम जवळ जवळ येत गेला. अण्णा वाकले, हात टाकला. उशीर झाला. तो गडी बाजूला सरकला, जाता जाता खाली झुकला आणि पळत सुटला. मध्यरेषा ओलांडून ओरडला, "गुडघ्याला लागलंय!"

पंच पलीकडच्या बाजूला होता. त्याने नेहमीसारखंच विचारलं, "अण्णा, लागलं का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले आणि सवयीने माझ्या टेबलाकडे पाहिलं.

शिट्टी झाली. आमच्या लोकांनी गुलाल उधळला. माझी पेन्सिल मात्र वहीवर तशीच राहिली. लागलं होतं. मुरमाच्या ओल्या मातीने भरलेली चार बोटं त्या पांढऱ्या पट्टीवर उमटलेली मला टेबलावरून दिसत होती. अण्णा खोटं बोलले, असंच मला वाटलं. पण मीही गप्प बसलो. बक्षिसाची ढाल आमची होती, आणि तोंड उघडलं असतं तर अण्णांचा कोपरा गेला असता. मी निकाल लिहून टाकला.

अण्णा टाकीमागे गेले, मागोमाग मी. पाय लांब करून ते बसले होते आणि पट्टीवरचे ते डाग एकेक बोटाने दाबून बघत होते.

"हितं हात पडला तरी मला कळलं न्हाई रं," ते म्हणाले. मग मान वर केली. "क्लार्कसायेब, तुला दिसलं?"

"नाही अण्णा. धूळ होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग टाकीला धरून उठले. इतके दिवस लपवलेला आधार त्यांनी माझ्यादेखत घेतला. लंगडत बक्षिसाच्या मांडवात गेले आणि उजवा हात वर केला.

"लागलं हुतं. मला कळलं न्हाई."

आमच्याच संघाची पोरं अंगावर धावून आली, कुणी नको ते बोललं. अण्णांनी ढाल उचलून समोरच्या कप्तानाच्या हातात दिली. त्यानंतर ते कधी मैदानात उतरले नाहीत. त्यांना उतरा म्हणायला कुणी गेलंही नाही, मीसुद्धा नाही.

दोन वर्षांनी नोकरी सोडून ते आपल्या गावी, कोल्हारला गेले. मागच्या दिवाळीत मी मुद्दाम जाऊन आलो. घास, गाई, नातवंडं, सगळं बोलून झालं. निघताना चपला घालता घालता एकदाचं म्हणालो, "अण्णा, त्या दिवशी मला दिसलं होतं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "तुझी पेन्सिल थांबली हुती. म्हनून तर मी पट्टी बघितली."

यंदाही यात्रेत गुण मीच लिहिले. डाव्या कोपऱ्यात नवा गडी आहे, चपळ आहे. चढाई आली की मी पेन्सिल थांबवून तिकडे बघतो. तिथून माझ्याकडे कुणी बघत नाही.