रिकाम्या कोपऱ्यावरचं तिकीट

"हे कुणी चिकटवलं?"

सभागृहात खिळे ठोकण्याचा आवाज चालला होता, तो या प्रश्नासरशी बंद पडला. शिडीवरचा माणूस हातोडी उगारून तसाच थांबला. लाँड्रीवाल्या काकू आपल्या चौकटीसमोर उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, नाक काचेला टेकलेलं आणि हाताच्या मुठी वळलेल्या.

"मी विचारतेय, हे तिकीट कुणी चिकटवलं?"

तिकीट संग्राहक मंडळाचे अध्यक्ष लगबगीने पुढे आले. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. चेहऱ्यावर बक्षीस वाटणाऱ्या माणसाचं हसू.

"ओळखलंत ना, ताई! मला सरप्राइज द्यायचं होतं तुम्हाला. त्याच बेटाचं आहे, त्याच काळातलं, शिक्का मारलेलं. माझ्या स्वतःच्या संग्रहातून काढून दिलं. पाहिलंत, किती बेमालूम बसलंय?"

"तुम्हाला सांगितलं कुणी बसवायला?"

"अहो, तो कोपरा रिकामा होता. इतकं जुनं पाकीट आणि त्याला तिकीटच नाही! बघवेना मला."

"बघवत नाही म्हणून तुम्ही लोकांच्या घरात शिरून खिडक्यांना पडदे लावून येता का?"

"आई, हळू," काकूंची सून मागून कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू देत की. प्रदर्शनच आहे!"

अध्यक्षांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण आता ते नुसतं तिथे अडकून पडल्यासारखं दिसत होतं. आपण दिलं, मनापासून दिलं, संग्रहातलं चांगल्यातलं दिलं, आणि ही बाई अंगावर येतेय, हे त्यांना कळतच नव्हतं. तिकीट जमवणाऱ्या माणसाला रिकामा कोपरा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. त्यांच्या दृष्टीने त्यांनी पडलेला दात बसवून दिला होता.

काकूंच्या दृष्टीने त्यांनी काय केलं होतं, ते समजायला त्या पाकिटाची गोष्ट ऐकायला हवी.

काकूंची लाँड्री बंदरापासून दोन गल्ल्या आत. लग्न होऊन त्या या दुकानात आल्या तेव्हा गल्ल्यावर सासूबाई बसत आणि इस्त्रीवर या. दुकानाच्या भिंतीवर तेव्हाही मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आजही आहे: 'डाग आमचे, खिसा तुमचा.' म्हणजे कपड्याला लागलेलं काय ते आम्ही काढू, पण खिशात जे सापडेल ते जसंच्या तसं परत. त्यासाठी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात किल्ल्या, स्क्रू, कानातलं एकेक, प्रेमपत्रं आणि एकदा तर आख्खी कवळी निघालेली. कवळीचे मालक तोंडावर रुमाल धरून आले, तेव्हा नवीनच आलेल्या काकूंना हसू आवरेना आणि सासूबाईंनी त्यांना आत पिटाळलं.

त्याच वर्षी एक खलाशी गडद निळा कोट टाकून गेला. पितळी बटणं, बाहीला वंगण. "बोट सुटायच्या आत नेतो," म्हणाला. बोट सुटली, तो आला नाही. कोटाच्या आतल्या खिशात हे पाकीट होतं.

समुद्रात भिजून वाळलेलं. कागद पापडासारखा वाकलेला आणि कडेने तपकिरी रेघ, ओहोटीनंतर वाळूत उरते तशी. वरचा पत्ता वाहून गेलेला. तिकीट पाण्यात सुटून गेलेलं, त्याच्या जागी फिकट चौकोन. पाकिटाचा गोंद भिजून पुन्हा इतका घट्ट बसलेला, की ते बंद होतं ते बंदच. आणि खाली कोपऱ्यात शाईने, बारीक अक्षरात: 'वल्हवताना होडी आमच्याकडून उलटली. पिशवी पाण्यात गेली. चुलीजवळ वाळवलं.' त्याखाली बेटाच्या पोस्टमास्तरची सही आणि बाजूला बोटीचा गोल शिक्का.

"फेक ते," सासूबाई म्हणाल्या. "सडका कागद."

"खिसा त्यांचा ना, आई?"

आपल्याच भिंतीवरचं वाक्य तोंडावर आल्यावर सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. पाकीट डब्यात गेलं आणि कोट सगळ्यात मागच्या हँगरला.

पण काकूंना त्या बेटाने झपाटलं. बंदरावरचे गणवेश धुवायला येत, त्यामुळे विचारायला माणसं भरपूर. एका म्हाताऱ्या तांडेलाने गल्ल्यापाशी उभ्याउभ्या सांगितलं, "त्या बेटाला धक्का नाही, पोरी. बोट लांब उभी राहते. बेटावरची माणसं होडी वल्हवत येतात, बोटीवरून पिशवी दोराने खाली सोडतात. समुद्र खवळलेला असला की बोट भोंगा वाजवते आणि निघून जाते. मग पत्रं बसतात पुढच्या बोटीची वाट बघत. कधी वर्षभर."

"आणि हे लिहिलंय ते?"

"ती तिथली रीत. टपालाला काही झालं तर ज्याच्या हातून झालं त्याने लिहायचं. लिहिल्याशिवाय पत्र पुढे जात नाही."

काकू त्या वाक्याच्या प्रेमात पडल्या. ज्याच्या हातून झालं त्याने लिहायचं! त्यांच्या आजूबाजूला काय होतं? बटण तुटलं की धुणारा म्हणायचा, आधीच तुटलेलं होतं. नळ फुटला की मिस्त्री म्हणायचा, पाइपच जुना. आणि हजारो मैलांवर, एका खडकावर, कुणीतरी माणूस होता जो ओल्या कागदावर 'होडी आमच्याकडून उलटली' असं लिहून खाली सही ठोकत होता.

पुढच्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाला शर्टाच्या घडीत चिठ्ठी मिळाली: 'कॉलर माझ्याकडून जळली. बोलण्यात लक्ष होतं.' खाली काकूंची सही. सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "दुकान बुडवायला आलीस का गं?" दोन गिऱ्हाइकं तुटली, हे खरं. बाकीची मात्र टिकली, आणि काही तर कपड्याऐवजी आधी चिठ्ठी शोधू लागली.

असा संग्रह सुरू झाला. खलाशांना कळलं, काकूंना त्या बेटाचं बोटीने आलेलं जुनं टपाल हवंय, कोऱ्या तिकिटांची त्यांना पर्वा नाही. मग कुणी रद्दीच्या बाजारातून आणी, कुणी आजोबांच्या पेटीतून. 'पिशवी उतरवायला विसरलो, चुकीच्या बंदराला गेली. चूक माझी.' 'उंदरांनी खाल्लं. मांजर आजारी होतं.' 'दोन वेळा बोट आली, दोन्ही वेळा आम्ही घाबरलो, गेलो नाही.' हे शेवटचं वाचून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मंडळातले लोक तिकिटं किमतीप्रमाणे लावत. काकू पाकिटं कबुलीप्रमाणे लावत. मंडळात त्याला 'अपघातांचा अल्बम' म्हणत आणि काकूही हसून घेत.

अध्यक्ष कित्येक वर्षं मागे लागले होते, प्रदर्शनात मांडा म्हणून. बाकीचं द्यायला काकूंची हरकत नव्हती. पहिलं पाकीट मात्र त्यांचं नव्हतंच. ते कोटवाल्याचं. पण सून म्हणाली, "द्या, आई. बंदरावरचं सभागृह आहे, शंभर जण येतील. कोण जाणे, त्या माणसाचं कुणीतरी येईल आणि ओळखेल." ते पटलं. काकूंनी स्वतःच्या हाताने ते पाकीट अध्यक्षांच्या हातात दिलं. जसं खिशात सापडलं होतं तसं.

आणि आता ते तसं राहिलं नव्हतं.

"काढा ते," सभागृहात काकू म्हणाल्या.

"आता कसं काढणार? चांगला गोंद लावलाय. पाण्यात भिजवावं लागेल."

पाणी म्हणजे काय, हे काकूंना कुणी सांगायला नको होतं. पाण्यात घातलं की पोस्टमास्तरची शाई जाणार, तपकिरी रेघ जाणार, पाकीट उघडणार. जन्मभर डाग काढून हात झिजले, आणि आज एक डाग जाऊ नये म्हणून त्या चौकटीपुढे आडव्या आल्या.

"मग लिहा," त्या म्हणाल्या.

"काय लिहू?"

"पाकिटाच्या मागे. तिकीट मी लावलं म्हणून. तुमच्या हाताने, तुमच्या सहीने."

"छे, छे! ऐतिहासिक वस्तूवर लिहायचं? ते नुकसान होईल, ताई!"

"आणि चिकटवलंत तो काय सत्कार होता?"

शिडीवरचा माणूस फस्सकन हसला. अध्यक्ष लालबुंद झाले. "इतकी मौल्यवान वस्तू फुकट दिली, तिचे आभार राहिले बाजूला!" म्हणत ते तरातरा निघून गेले. काकूंनी चौकट उतरवायला हात घातला, तर सुनेने तो धरला. "आई, आज नको. उद्या शांतपणे बोला."

दुसऱ्या दिवशी बोलायला संधीच मिळाली नाही. बाहेरगावचे परीक्षक सकाळी फिरून गेले आणि काकू दुकानातून पोचल्या तेव्हा बक्षीस समारंभ सुरू झालेला. व्यासपीठावर माइक खरखरत होता.

"पहिलं पारितोषिक," परीक्षक म्हणाले, "अशा एका पाकिटाला, जे समुद्रात बुडालं आणि तरी ज्याचं तिकीट शाबूत राहिलं! असं पाकीट मी आयुष्यात पाहिलेलं नाही."

टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या रांगेत अध्यक्ष खाली मान घालून बुटाची नाडी बघत होते.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या. वाटेत भिंतीवरची चौकट काढली आणि ती बगलेत मारून थेट व्यासपीठावर. परीक्षकांनी करंडक पुढे केला. काकूंनी चौकट टेबलावर ठेवली, मागचे खिळे अंगठ्याने मागे वाकवले, पाकीट बाहेर काढलं.

"तुम्ही असं पाकीट पाहिलं नाही, साहेब, कारण असं पाकीट नाहीच. याचं तिकीट समुद्रात गेलं. हे कालपरवा इथेच लावलंय."

सभागृहात खुसफुस सुरू झाली. परीक्षकांनी करंडक सावकाश टेबलावर ठेवला. "कुणी?"

"ज्याने लावलं तो सांगेल." काकू पहिल्या रांगेकडे वळल्या. "आमच्या मुलाला तुम्ही दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं होतं, मास्तर. काच कुणी फोडली ते कबूल करत नाही म्हणून. आठवतंय? मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. म्हटलं, बरोबर आहे. शिकू दे."

अध्यक्ष उठून वर आले. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, हे आपण घरी बोलू."

"घरीच होतं ते इतकी वर्षं. घरी त्याला काही झालं नाही."

"मी चांगल्या हेतूने केलं हो!"

"मग हेतूही लिहा. मागे जागा आहे."

"माझी चाळीस वर्षांची अब्रू आहे या मंडळात."

"अहो, उंदरांनी खाल्लं म्हणून लिहिलंय तिथल्या माणसाने. मांजर आजारी होतं म्हणून लिहिलंय! त्याची अब्रू गेली का? एवढ्या लांब बसून मी त्याला रोज सलाम करते." काकूंचा आवाज चिरकला. "हे पाकीट माझं नाही. ज्याचं आहे तो उद्या दारात आला तर मी काय सांगू? की समुद्रातून वाचलं, पण आमच्या गावच्या कौतुकात बुडालं?"

परीक्षकांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि अध्यक्षांपुढे धरलं.

अध्यक्षांनी पेन घेतलं. मग खाली बसले. पाकीट उलटं केलं आणि फळ्यावर लिहावं तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पुढच्या बाजूचं तिकीट मी लावलं. रिकामा कोपरा बघवला नाही. मालकिणीला विचारलं नाही.' सही केली, पाकीट काकूंकडे सरकवलं.

"झालं समाधान?"

"तारीख राहिली."

त्यांनी तारीख घातली.

करंडक दुसऱ्याच कुणाला तरी गेला. काकूंनी वळूनही पाहिलं नाही. परतताना त्या इतक्या भराभर चालत होत्या, की सुनेला मागे पळावं लागत होतं.

"आई, जिंकलात की! आता तरी राग सोडा."

"काय जिंकले? तिकीट अजून तिथेच आहे! मरेपर्यंत तिथेच राहणार. 'मालकिणीला' म्हणे. मी कसली मालकीण?"

दुकानात शिरल्यावर त्यांनी मागच्या हँगरवरचं कापड बाजूला केलं. निळ्या कोटाच्या आतल्या खिशात पाकीट ठेवायला गेल्या आणि थांबल्या. उलटं करून अध्यक्षांचं अक्षर पुन्हा वाचलं. त्याच्या खाली अजून थोडी जागा होती.

सून इस्त्रीच्या टेबलाला टेकून बघत होती. जरा घाबरत म्हणाली, "आई, त्यांनी लावलं, खरं. पण त्यांच्या हातात..."

"कळतंय मला!" काकू कडाडल्या. "बोलायची गरज नाही. पेन दे."

त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं: 'वस्तू ठेवायला आली होती. मी दुसऱ्याला दिली.' सही, तारीख, दुकानाचा शिक्का. शाईवर दोनदा फुंकर मारली. मग पेन तसंच सुनेच्या नाकासमोर धरलं.

"हं. घे."

"मी? मी काय केलं?"

"'द्या, आई, शंभर जण येतील,' असं कोण म्हणालं होतं?"