दिल्लीच्या खेळांसाठी आमचा नाच

आशियातल्या देशांचे खेळ दिल्लीत भरणार, ही बातमी आमच्या गावात जंगलखात्याच्या नाकेदाराने आणली. आरमोरीच्या बाजारापासून दिवसभर चालल्यावर लागणारं आमचं गोंडांचं गाव. दिल्ली कुठल्या अंगाला आहे, हेही कोणाला ठाऊक नव्हतं. देश नुकता स्वतंत्र झालेला, पाहुण्यांसाठी सजत होता, आणि त्या सजावटीत आम्ही हवे होतो. पाहुण्यांपुढं आदिवासींचा नाच व्हायचा होता. धान कापणीला आलं होतं. तरी नाकेदार बजावून गेला, की ज्या घरची बाई येणार नाही, त्या घराने यंदा जंगलात पाय ठेवू नये.

आम्ही दहाएक बाया आणि दोघे ढोलवाले निघालो. मी त्यांत सगळ्यांत लहान, पण चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून दुभाषी. नाचात सगळ्यांच्या पुढं माझी आत्या. ती विधवा, मी आईबापाविना तिच्याजवळ वाढलेली. आम्ही दोघी गेल्यावर आमच्या धानाच्या बांधीत राखणीला कोणी उरत नव्हतं. तरी आत्या एकदा जायचं ठरल्यावर कुरकुरली नाही. उलट बाजारातून तिने सगळ्या बायांसाठी पोलकी आणवली. देशाच्या कामाला जायचं तर अंग झाकून जावं, असं तिचं म्हणणं. गावात आम्ही पोलकं घालत नव्हतो.

चांद्याला आम्हाला एका रिकाम्या शाळेच्या पडवीत ठेवलं. नाच बसवायला नागपूरच्या एक बाई आल्या होत्या. पांढरी खादी, गळ्यात शिट्टी. आमचा नाच एकदा लागला की पायांना वाटेल तेव्हा थांबतो. बाईंनी तो नाच पाहुण्यांचा चहा निवायच्या आत संपवायचा ठरवला होता. शिट्टी वाजली की वळायचं, पुन्हा वाजली की थांबायचं. चुकलं तरी त्या रागवत नसत. लहान पोरांशी बोलावं तसं हसून समजावत. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

मग एके दिवशी त्यांनी पेटी उघडली. आत मोरपिसं, कवड्यांच्या माळा आणि रानगव्याची शिंगं. शिंगं ढोलवाल्यांनी डोक्याला बांधायची होती. आत्याने माझ्याकरवी सांगितलं, की आमच्यात हे कोणी बांधत नाही, हे पलीकडच्या बस्तरातल्या लोकांचं आहे. बाई म्हणाल्या, परदेशी पाहुण्यांना एवढं कुठं कळतंय. ढोलवाल्यांनी मान खाली घालून शिंगं बांधून घेतली.

मग बाईंची नजर आमच्याकडं वळली.

"यांना सांग, पोलकी काढून या. अशा त्या खऱ्या वाटत नाहीत."

मी म्हणाले, "हे मी सांगत नाई. तुमीच सांगा."

बाईंनी खरंच पुढं होऊन आत्याची बाही दोन बोटांनी ओढून दाखवली. आत्याने तो हात बाजूला केला. जोरात नाही, पण अंगावरचा किडा झटकावा तसा. मग ती गोंडीत बोलली आणि मला म्हणाली, जसंच्या तसं सांग.

मी सांगितलं, "आत्या म्हणते, पाहुण्यांपुढं तुमी काय घालून जाणार हाय?"

बाईंचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं. माझी गोष्ट वेगळी आहे, एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या कॉलेजातल्या मुली मोटारीतून उतरल्या. आमच्याकडून पावलं शिकून त्याच आता गोंड होऊन नाचणार होत्या. त्यांच्या अंगाला लावायला काळा रंगही आणला होता. आत्या पडवीत भिंतीकडं तोंड करून बसली. तिच्यामागं आम्ही सगळ्या बसलो. ढोल वाजला नाही. दुपारी आमचा शिधा बंद झाला, आणि परतीचा ट्रक मिळणार नाही असंही कळलं.

आम्ही पायी निघालो. वाटेतल्या गावांनी पेज दिली, वैनगंगेवर नावाड्याने काही न घेता पार केलं.

घरी पोचलो तर बांधीत डुकरांनी धिंगाणा घातलेला. उभं धान चिखलात लोळवलेलं, लोंब्या चघळून टाकलेल्या. आत्या बांधावर उभी राहून बघत होती. मी रडायला लागले तर म्हणाली, "रडून नको राहू. विळा आण, उरलं तेवढं कापू." उरलं ते फारच थोडं होतं. त्या वर्षी आम्ही कंदमुळं आणि मोहफुलांवर दिवस काढले.

खेळ झाले म्हणे. नाकेदार उन्हाळ्यात आला तेव्हा सांगत होता, की त्या मुलीही दिल्लीला गेल्याच नाहीत. वर कोणाला तरी वाटलं, की पाहुण्यांना नवा देश दाखवावा, रानटी लोक कशाला. हे तो हसत सांगत होता, जणू आमच्यावरचं संकट टळलं. माझ्या तोंडात शिवी आली होती.

त्याने पाणी मागितलं. आत्याने तांब्या भरून दिला, कारण पाण्याला आमच्यात कोणी नाही म्हणत नाही. तो बसायला खाट शोधत इकडंतिकडं बघू लागला. खाट आत होती. आत्या दारात उभी राहिली, त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत, आणि बस म्हणाली नाही.