भाड्याचा झगा

बँकॉकजवळच्या आमच्या गल्लीत घरात कोणी पदवीधर झालं की पदवीदानाच्या झग्यातला भलामोठा फोटो दर्शनी भिंतीवर लागतोच. झग्यातले किती जण नुसते घरी बसलेत, ते कोणी विचारत नाही! पिम इंजिनियर झाली तेव्हा तिच्या आईने तो रस्त्यावरून दिसेल असा लावला.

पिम मात्र आली आमच्या कारखान्यात, माझ्या शेजारच्या मशीनवर, प्लास्टिकच्या स्टुलांचे साचे घडवायला. मी म्हटलं, "बाई, ऑफिस वरच्या मजल्यावर आहे."

"ठाऊक आहे, दादा. कागदावर खूप साचे काढले. आता पोलादात काढू द्या."

सोंगक्रानला, म्हणजे आमच्या नववर्षाला, रिवाजाप्रमाणे ती मावशीच्या हातांवर सुगंधी पाणी ओतत होती. मीही तिथेच होतो. आशीर्वाद द्यायचा सोडून मावशी तिची नखं बघत बसली. "अगं बाई! एवढं शिकून हे असले काळे हात?"

आई घाईने म्हणाली, "साहेबीण आहे ती तिथे. चुकून ग्रीस लागलं असेल."

 आठवड्याभरात पिमने तेवढीच मोठी फ्रेम आणली. फोटोत ती मळक्या कपड्यांत, स्वतः घडवलेल्या साच्यावर हात ठेवून उभी. झग्यातल्या फोटोशेजारी खिळा मीच ठोकला, तोही दणदणीत.

"लोक काय म्हणतील गं?" आई रडकुंडीला आली.

"म्हणू देत. तो झगा भाड्याचा होता, आई. दुसऱ्या दिवशी परत केला. हे काळे हात माझे आहेत."